वाचकांचे प्रश्न : फुकुशिमाच्या आठवणी टिपताना

प्रश्न : मार्च २०११ मध्ये नोकरी-शिक्षणासाठी जपानमध्ये असलेल्या पुणेकरांच्या फुकुशिमा अणुप्रकल्पातल्या अपघाताच्या आठवणी आमचा गट रेकॉर्ड करणार आहे. बोलताना लोक तारखांची सरमिसळ करतात. त्यांना तिथेच दुरुस्त करावं का? आणि फोनवरचं रेकॉर्डिंग चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : रेकॉर्डिंग चालू असताना अजिबात दुरुस्त करू नका. एकदा टोकलंत की माणूस आठवायचं सोडून तुमच्या तोंडाकडे बघत ‘बरोबर’ उत्तर शोधू लागतो. घोळ कागदावर टिपून ठेवा आणि शेवटी विचारा.

त्यासाठी घटनाक्रम तुम्हाला पाठ हवा. ११ मार्चला जपानी वेळेनुसार दुपारी २:४६ ला भूकंप झाला. पाऊण-एक तासात त्सुनामीचं पाणी प्रकल्पात शिरलं, जनरेटर बुडाले आणि भट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. १२ ला दुपारी ३:३६ ला पहिल्या युनिटची इमारत हायड्रोजनच्या स्फोटाने उडाली, १४ ला सकाळी ११:०१ ला तिसऱ्याची, १५ च्या सकाळी चौथ्याची. टीव्हीवर स्फोटांची दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवल्यामुळे लोकांच्या मनात तिन्ही एकच होऊन बसतात. भूकंप-त्सुनामीतले हजारो मृत्यूही नकळत किरणोत्सर्गाच्या खात्यात जातात.

घरच्यांच्या फोनच्या वेळा हमखास चुकतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. पुण्यातून रात्री ९ ला लावलेला फोन तिथे मध्यरात्रीनंतर साडेबाराला वाजतो, म्हणजे तारीखच बदलते. म्हणून ‘वेळ कुठली, तिथली की इथली?’ हे दरवेळी विचारा. जुने ईमेल, पासपोर्टवरचे शिक्के, फोटोंच्या तारखा मागा. मात्र कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहिलेलं असू शकतं.

प्रत्येक विसंगती म्हणजे चूक नव्हे. जपान सरकारने १२ मार्चच्या संध्याकाळी २० किलोमीटरचा परिसर रिकामा करायला सांगितला. अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटर दूर राहायला सांगितलं. ‘ऐंशी’ म्हणणाऱ्याने बहुधा तीच बातमी ऐकलेली असते. किरणोत्सर्गाची मात्रा सिव्हर्टमध्ये मोजतात; मायक्रो आणि मिली सिव्हर्टमध्ये मात्र हजारपटीचा फरक आहे, तो आकडा तपासल्याशिवाय छापू नका.

‘भीती वाटली का?’ याचं उत्तर ‘हो’ एवढंच येतं. त्याऐवजी ‘त्या रात्री काय खाल्लंत, पाणी कुठून आणलंत?’ असं विचारा. २३ मार्चला टोकियोच्या नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन आढळलं आणि तान्ह्या बाळांना ते देऊ नका असं सांगितलं गेलं. तेव्हा घरात लहान मूल असलेल्यांना हा प्रश्न विचारायलाच हवा.

फोन चालेल, पण कॉलरचा माइक घ्या आणि तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. एअरप्लेन मोड चालू, पंखा बंद, कुकर गॅसवरून खाली. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवली तर तासाला सुमारे ५०० एमबी जागा लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती करा, एक दुसऱ्या घरी. संमतिपत्रात नाव छापायचं की नाही, ठरावीक भाग गाळता येईल का, हे दोन रकाने वेगळे ठेवा. सहकाऱ्यांबद्दल सांगितलेलं लोक नंतर काढायला सांगतात.