तापलेल्या लेकराची नाडी १६० आली, तर ट्रायेजला काय समजायचं?

तुम्ही विचारलंय ते असं: नागपुरात कॅज्युअल्टीत ट्रायेजला (म्हणजे कुणाला आधी आत घ्यायचं ते ठरवायला) नवीनच लागलात, मोठ्या माणसांचे व्हायटल्स (नाडी, श्वास, दाब, तापमान) कळतात, पण दोन वर्षांच्या तापलेल्या मुलाची नाडी १६० दिसली की लगेच आत न्यायचं की रांगेत बसवायचं, हे ठरत नाही.

नुसत्या १६० वरून ते ठरणारही नाही. या वयात जागं असताना नाडी साधारण १०० ते १४० असते. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की ठोके मिनिटाला दहाच्या आसपास वाढतात. मूल ३९.५ ने तापलंय आणि वर रडतंय, तर १६० चा हिशोब जुळतो. तेच मूल ३७.५ वर आईच्या खांद्यावर मान टाकून गप्प पडलंय आणि तरी नाडी १६०, तर तो जुळत नाही. त्याला सरळ आत न्या. पॅरासिटामॉलने ताप उतरला पण नाडी खाली आली नाही, तर तेही तितकंच गंभीर धरा. उलट बाजूने मात्र फसू नका: औषधाने ताप उतरला म्हणजे आजार साधा, असं ठरत नाही.

सुरुवात श्वासापासून करा, आणि तीही मुलाला हात लावण्याआधी. आईला कडेवरच सदरा वर करायला सांगा, घड्याळ लावा आणि पूर्ण साठ सेकंद पोट-छाती मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं तान्ह्या बाळात हमखास चुकतं, कारण ती थांबून-थांबून श्वास घेतात. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा लिहूच नका. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. पण आकड्याबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, हे बघितलंच पाहिजे. सर्वात घातक चूक इथे होते: धापा टाकणाऱ्या मुलाचा श्वास ७० वरून ३० वर आला, मूल पेंगायला लागलं, आणि कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलं गेलं. ते मूल थकलेलं असतं आणि कुठल्याही क्षणी श्वास थांबू शकतो.

ऑक्सिमीटरचा आकडा लगेच मान्य करू नका. पडद्यावरची लहर एकसारखी हवी आणि त्यावरची नाडी तुम्ही स्टेथोने मोजलेल्या ठोक्यांशी जुळायला हवी. हात गार असतील, मूल हलत असेल तर ८५ पण दिसेल. तळपायाला किंवा अंगठ्याला लावून पुन्हा बघा. मात्र मूल निळसर किंवा सुस्त असेल तर आधी ऑक्सिजन, मग ऑक्सिमीटरच्या चिमट्याची खटपट. खरंच ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन लावायचाच. धोक्याची इतर लक्षणं असतील तर ९४ च्या खालीही.

आता रक्तदाब, कारण मोठ्यांची सवय इथेच नडते. मुलांच्या रक्तवाहिन्या आकसून दाब बराच वेळ सांभाळून धरतात. दाब पडतो तोवर शॉक (अवयवांना रक्त न पुरणं) खूप पुढे गेलेला असतो. म्हणून आधी हातपाय गार आहेत का बघा, आणि नखावर किंवा छातीच्या हाडावर पाच सेकंद दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात, हात गार आहेत, नाडी बारीक आणि जलद आहे: हा शॉकच, दाब कितीही चांगला येवो. फक्त कूलरच्या झोतात बसलेल्या मुलाची बोटं तशीही गार असतात, तिथे छातीवर बघा. दाबाची खालची हद्द एक ते दहा वर्षांसाठी ७० अधिक वयाची दुप्पट. चार वर्षांच्या मुलाला ७८. दाब मोजायचा दंडावरचा पट्टा (कफ) लहान असला तर दाब खोटा वाढलेला दिसतो. फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के असावी. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत वरचा आणि खालचा आकडा दोन्ही लिहा: १००/८२ दिसायला छान, पण फरक २० किंवा त्याहून कमी झाला की रक्तातला पातळ भाग (प्लाझ्मा) वाहिन्यांबाहेर गळून शॉक लागलेला असतो.

तापमानात दोनच गोष्टी सांगतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा जास्त ताप असेल तर बाळ हसतं-खेळतं दिसलं तरी रांगेत थांबवायचं नाही, आणि ३५.५ च्या खालचं गार बाळही तितकंच धोक्यात असतं. मे महिन्यात उन्हातून आलेलं मूल बरळत असेल किंवा झटके देत असेल, तर काखेतला आकडा कमी येऊ शकतो. गुदमार्गातून घ्या आणि थंड करणं त्याआधीच सुरू करा. बेशुद्ध, सुस्त किंवा झटके आलेल्या प्रत्येक मुलाची साखर तिथेच तपासा.

आणि आपल्या विदर्भात एक प्रश्न प्रत्येक तापाच्या मुलाला विचारावाच लागतो: मुलाला किंवा घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का? सिकलसेल असलेल्या मुलाला ३८.५ किंवा जास्त ताप म्हणजे रांग नाही. ते अचानक पांढरंफटक पडलं, नाडी धावतेय आणि डाव्या बरगडीखाली प्लीहा मोठी लागते, तर रक्त प्लीहेत अडकलं असण्याची शक्यता असते आणि हिमोग्लोबिन काही तासांत कोसळतं. जुनं कार्ड मागून आधीचं हिमोग्लोबिन आणि नेहमीचं ऑक्सिजन किती ते बघा, आजचे आकडे त्यांच्या शेजारी लिहा, आणि डॉक्टरांना हाक मारतानाच क्रॉसमॅचचं (रक्त चढवण्याआधी जुळवून बघण्याचं) सॅम्पल काढायची तयारी करा.