एनपी व्हायचंय? आधी राज्य आणि शाखा ठरवा

सिस्टर, बीएस्सी नर्सिंग आणि मुंबईतल्या आयसीयूचा अनुभव यांच्या जोरावर अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे तपासून औषधं लिहिणारी उच्चशिक्षित नर्स) होऊन स्वतःच्या सहीने औषधं लिहिता येतील का, आणि भाच्याची इथली फिजिशियन असिस्टंटची (पीए) पदवी तिकडे चालेल का, असं तुम्ही विचारलंत. भाच्याचं थोडक्यात: नाही चालत. पीएची परीक्षा फक्त तिथल्या मान्यताप्राप्त कोर्समधून पास झालेल्यांनाच देता येते. आपल्या एमबीबीएसवाल्यांनाही सूट नाही.

तुमच्यासाठी रस्ता आहे, लांबचा. आधी आरएन (नोंदणीकृत नर्स), मग तिथली मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय सर्टिफिकेशन, शेवटी राज्याचं लायसन्स. आरएनसाठीच्या एनक्लेक्स परीक्षेचं सेंटर मुंबईत आहे, अभ्यास केला की ती निघते. खरं घोडं अडतं कागदांवर. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, शिवाय लग्नानंतर मधलं नावही बदललेलं. नोंदणीतलं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि फी बुडते. नावाचं निस्तरा, मगच फॉर्म भरा. ट्रान्सक्रिप्ट कॉलेज किंवा विद्यापीठातून आणि व्हेरिफिकेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून थेट जावं लागतं. तुम्ही स्वतः पाठवलेलं धरत नाहीत.

आता औषधांचं. ॲरिझोना, वॉशिंग्टन, ओरेगॉन इथे एनपीला डॉक्टरशी करार न करता लिहिता येतं. कॅलिफोर्नियात 2020 च्या कायद्यानुसार आधी 3 वर्षं किंवा 4,600 तास कामाचा अनुभव, मग डॉक्टर असलेल्या ग्रुपमध्ये आणखी 3 वर्षं, तेव्हा कुठे पूर्ण मोकळीक. टेक्सासमध्ये लेखी करार कायमचाच, आणि मॉर्फिन-फेंटॅनिलसारखी शेड्यूल 2 ची (व्यसनाचा मोठा धोका असलेली) औषधं फक्त हॉस्पिटल किंवा हॉस्पिसच्या (शेवटच्या आजारपणातल्या सेवेच्या) पेशंटना. अशा कंट्रोल्ड (कायद्याने नियंत्रित) औषधांसाठी डीईए या केंद्रीय संस्थेची नोंदणी वेगळी, तीही राज्यागणिक. 2023 पासून 8 तासांचं प्रशिक्षणही लागतं.

शाखा निवडताना बहुतेक जणी फसतात. नोकऱ्या भरपूर म्हणून एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) घेतात, पण ते शिक्षण ओपीडीचं. आयसीयूतच राहायचं असेल तर ॲडल्ट-जेरोंटॉलॉजी ॲक्यूट केअर (प्रौढ आणि वृद्ध गंभीर रुग्णांची शाखा) घ्या. नंतर बदलायचं तर पुन्हा कोर्स, पुन्हा परीक्षा.

व्हिसाचा पेच वेगळाच. ईबी-3 या नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या वर्गात भारताची रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर शिकायला जावं, तर बरेच एनपी कोर्स ऑनलाइन असतात, आणि एफ-1 ला सत्रात एकच ऑनलाइन विषय धरला जातो. म्हणून ॲडमिशन घेण्याआधी कॉलेजला एकच विचारा: आय-20 (एफ-1 साठी लागणारा कॉलेजचा फॉर्म) देता का?

नुसतं लिहिण्याचा अधिकारच हवा असेल, तर माझ्या मते इंग्लंड जवळचं. एनएमसीची (तिथल्या नर्सिंग कौन्सिलची) नोंदणी होऊन वर्ष झालं की व्ही300 या औषधं लिहिण्याच्या कोर्सला अर्ज करता येतो. तिथे नर्सना 2006 पासून जवळपास सगळी औषधं खुली झाली, 2012 पासून बहुतेक कंट्रोल्ड औषधंही. पण देखरेखीला एक अनुभवी प्रिस्क्रायबर लागतो. तो मिळेल का, हे नोकरीच्या मुलाखतीतच विचारून घ्या.