खिलार गाय व्याल्यावर बसली, मिल्क फिव्हर असेल का?

दादा, तुमची चौथ्या वेताची खिलार काल रात्री व्यायली, आज उठत नाही आणि कॅल्शियमची बाटली तोंडाने पाजू का, असं तुम्ही विचारलंय. बसलेल्या गाईला तोंडाने काहीही पाजू नका. मिल्क फिव्हरमध्ये (व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घटण्याचा आजार) गिळण्याची ताकद जाते, पाजलेलं फुप्फुसात उतरतं आणि वाचली असती ती गाय न्यूमोनियाने दगावते.

दूध थोडं म्हणून हा आजार होणारच नाही, असं नाही. होल्स्टीन संकरित गाईत तो नेहमीचा, खिलारीत क्वचित. पण चिकात लिटरमागे २ ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं आणि गाईच्या रक्तात एका वेळी ते असतंच जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास. वय झालेल्या गाईला हाडांतून ते लवकर काढता येत नाही.

कानांना हात लावून बघा. कान-पाय गार, मान कुशीकडे टाकलेली, शेण बंद, गाय सुस्त, तर संशय पक्का. अंग तापलं असेल तर कास आणि गर्भाशय तपासायला हवं. आणि गाय टवटवीत आहे, वैरण खाते, फक्त मागचं धड उचलत नाही, असं असेल तर वासरू ओढून काढलं होतं का ते डॉक्टरांना नक्की सांगा. ओढताना पायांच्या नसा (मज्जातंतू) दुखावल्या असतील तर नुसत्या कॅल्शियमने ती उठणार नाही. खिलारीत मला आधी हीच शंका येते.

१९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा. सलाईन स्वतः लावू नका; कॅल्शियम शिरेतून भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. डॉक्टर येईपर्यंत भुसकटाची पोती टेकवून तिला छातीवर बसती ठेवा. आडवी पडली की पोट फुगतं. खाली पाचटाचा जाड थर घाला आणि दर २-३ तासांनी कूस बदला, नाहीतर दबलेल्या पायाचे स्नायू मरतात आणि आजार बरा होऊनही गाय उठत नाही. कास पूर्ण पिळू नका, वासरापुरता चीक काढा. उठली तरी दोन दिवस नजर ठेवा, पुन्हा बसू शकते.

पुढच्या वेताला नुसत्या उसाच्या वाढ्यांवर ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. आणि विण्याआधीच्या शेवटच्या ३ आठवड्यांत लसूणघास किंवा कॅल्शियमच्या बाटल्या नकोत. आयतं मिळत राहिलं की हाडांतून काढायची सवय सुटते.

गाईचं अंगाचं तापमान आणि विताना किती वेळ लागला, ते इथे लिहा.