तीनदा जेलीच आली, आता हट्ट सोडू का?

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. प्रकल्पासाठी तुरटी आणि सोडियम सिलिकेटच्या द्रावणांपासून केओलिनाइट ही माती बनवायला गेले. तीनदा नुसती जेली आली. एक्सआरडीत (स्फटिक ओळखायच्या क्ष-किरण चाचणीत) टोकदार रेषा नाहीत, फक्त पसरट उंचवटा. मला यातच पुढे शिकायचंय. बाबा म्हणतात, औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लाग. काय करू?

उत्तर : प्रकल्प फसलाय असं तू धरून बसली आहेस, ते आधी मनातून काढ. साध्या तापमानाला केओलिनाइट बनवणं मुरलेल्या संशोधकांनाही जड गेलंय. सहसा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) २०० अंशांच्या आसपास कित्येक दिवस ठेवावं लागतं. (हे घरच्या कुकरमध्ये करून बघू नकोस, कळकळीनं सांगतोय.)

अडचण तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या स्वभावात आहे. आम्लधर्मी पाण्यात त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, अल्कधर्मी पाण्यात ते चार हायड्रॉक्साइडांवर भागवतं. केओलिनाइटच्या थरात मात्र त्याला सहा शेजारी लागतात. सोडियम सिलिकेट चांगलंच अल्कधर्मी. ते भसकन ओतलं की बरंचसं ॲल्युमिनियम सिलिकाच्या जाळ्यात चार शेजाऱ्यांसकट अडकतं आणि सहजी सुटत नाही. अल्कली आणखी वाढवून तापवलंस तर माती सोडून झिओलाइट, म्हणजे ॲल्युमिनियम-सिलिकाचंच सच्छिद्र स्फटिक, मिळण्याचीच शक्यता जास्त. मिसळल्यानंतरचा पीएच तू लिहिलाच नाहीस. सगळी गोष्ट तिथे आहे.

इमोगोलाइटचं बघ, तेही ॲल्युमिनियम आणि सिलिकाचंच. जपानमधल्या ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत सापडलेल्या या नळीसारख्या खनिजाची नोंद १९६२ साली झाली. १९७७ साली स्कॉटलंडमध्ये फार्मर आणि सहकाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं : अगदी पातळ द्रावणं, किंचित आम्लता, पाणी उकळण्याच्या जवळपासचं तापमान.

आणि तुझ्या जिल्ह्यातच बघ ना. राधानगरीकडच्या धो धो पावसानं बेसॉल्टमधली सिलिका वाहून नेली, मागे ॲल्युमिनियम साचून बॉक्साइट झालं. सोलापूरकडे पाऊस कमी, सिलिका जागेवर राहिली, म्हणून त्याच दगडाची चिकट काळी माती झाली.

आता पुढचं. एम.एस्सी. अकार्बनी किंवा भौतिक रसायनशास्त्रात कर, त्यासाठी फेब्रुवारीतली आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा दे. प्रवेश घेताना तिथे घन नमुन्यांचं ॲल्युमिनियम एनएमआर (अणूंची आसपासची रचना दाखवणारी चुंबकीय चाचणी) होतं का, हे विचार. चार शेजारी की सहा, हे ते थेट दाखवतं (साधारण ६० आणि ० पीपीएमजवळ). ‘माती बनवणारा हवा’ अशी जाहिरात तुला कुठे दिसणार नाही, पण पाण्यातलं ॲल्युमिनियम कळणारी माणसं जलशुद्धीकरणात लागतात, झिओलाइट उत्प्रेरकांत लागतात, मृदाशास्त्रात लागतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नागपूरचं मृदा सर्वेक्षण ब्यूरो, दोन्हींची कामं वाचून ठेव.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. घरात पैशाची निकड असेल तर दोन वर्षं नोकरी कर. जॅमला वयाची अट नाही, आणि क्वालिटी कंट्रोलमध्ये नोंदी ठेवायची जी शिस्त लागते ती पुढे संशोधनात उपयोगी पडते. निकड नसेल तर मात्र केवळ धास्तीपोटी तिकडे वळू नकोस.

प्रकल्पाला अजून वेळ असेल तर चौथ्यांदा कर. दोन्ही द्रावणं दहापट पातळ घे, सिलिकेट थेंबाथेंबानं सोड, प्रत्येक टप्प्याचा पीएच लिही. पुन्हा जेली आली तरी त्या नोंदी मला पाठव.