‘सरंजामदार’ आणि ‘इनामदार’ एकच का? आणि ‘पूजेचा सरंजाम’ म्हणतात तो शब्द वेगळा का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. शब्द एकच. मूळ फारसी, अर्थ सामग्री, तयारी. माझी आजी सत्यनारायणाच्या आदल्या रात्री ‘सगळा सरंजाम काढून ठेवा गं’ म्हणायची, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर चौरंग, कलश आणि प्रसादाचा रवा असायचा. मराठेशाहीच्या कागदांत हीच सामग्री घोडे, स्वार आणि दाणागोटा यांची झाली. पुढे फौज बाळगण्याच्या खर्चासाठी जो मुलूख लावून दिला, त्याच्या वसुलालाच सरंजाम म्हणू लागले. तो ज्याच्याकडे, तो सरंजामदार.

म्हणजे सरंजाम हे बक्षीस नव्हे, नेमणूक. त्यात सरदाराच्या स्वतःच्या खर्चाचा भाग ‘जात सरंजाम’ आणि पथकाचा ‘फौज सरंजाम’. पथक हजर ठेवायचं, बोलावणं आलं की निघायचं. इनामाचं तसं नाही. देवस्थानाला, विद्वानाला किंवा कामगिरीबद्दल दिलेली ती जमीन, आणि सनदेत बहुधा ‘वंशपरंपरेने’ असं लिहिलेलं. सरंजाम तत्त्वतः धन्याच्या मर्जीवर. सरदार वारला की मुलाने नजराणा भरून तो पुन्हा आपल्या नावे करून घ्यायचा.

व्यवहारात मात्र मुलालाच मिळत गेला, आणि खरी गोम तिथेच आहे. शिवाजी महाराजांचा कल सैन्याला रोख पगार देण्याकडे होता. राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी झुंज चालू असताना, सरदार टिकवायला मुलूख लावून देणं भाग पडलं. शाहूंच्या कारकिर्दीत ही घडी पक्की झाली आणि सरंजाम घराण्यांचे झाले. मुंबई राज्याने १९५२ साली नियम करून ते खालसा केले.

आज ‘सरंजामशाही’ हा युरोपातल्या व्यवस्थेसाठीही रूढ प्रतिशब्द आहे, तो वापरायला हरकत नाही. ‘सरंजामी वृत्ती’ म्हणजे सत्ता घराण्याची मालमत्ता समजणं, तेही बरोबर. पण गावच्या पाटलाला किंवा देशमुखाला सरसकट सरंजामदार लिहितात ते मला खरंच खटकतं. ते वतनदार. पाटलाकडे गावचा वसूल आणि बंदोबस्त, देशमुखाकडे परगणा. वतन पिढीजात हक्काचं होतं, पथक बाळगण्यासाठी लावून दिलेलं नव्हतं.