एनआयसीयूमधल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळासाठी आईबाबांनी गायचं कसं? मोबाइलवर अंगाईगीत लावलं तर चालेल का?

मोबाइल नको. रेकॉर्डिंग बाळाकडे पाहून थांबत नाही, आणि इन्क्युबेटरच्या आत स्पीकरचा आवाज घुमतो. आईबाबांचा स्वतःचा आवाजच हवा. सुरेल नसला तरी चालतो, बेसूर गळ्याची लाज बाळगू नका.

आधी नर्सना विचारा. बाळ स्थिर असेल तर कांगारू केअरमध्ये, छातीशी त्वचेला त्वचा लावून, आधी दोन-तीन मिनिटं नुसतं शांत बसा. मग बाळाच्या श्वासाची लय पाहत हळू गुणगुणा. शब्द नंतर. दोन-तीन सुरांत फिरणारी, पुन्हा पुन्हा येणारी ओळ पुरते. घरात चालत आलेलं गाणं अंगाईच्या संथ लयीत गायलं तर उत्तमच. सुरुवातीला पाच मिनिटं, पुढे दहा-पंधरा. एनआयसीयूतला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा अशी शिफारस आहे, म्हणून कुजबुजीपेक्षा किंचितच मोठं गा.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: बाळ अस्वस्थ झालं की आवाज वाढवतात. बोटं फाकणं, उचकी, जांभया, नजर फिरवणं, रंग बदलणं किंवा मॉनिटरवर ऑक्सिजन घसरणं म्हणजे 'आता पुरे'. लगेच थांबा, हात स्थिर ठेवा, आणि ऑक्सिजन घसरला असेल तर नर्सना सांगा.

अशा बाळांसाठी पालकांच्या गाण्यावर आधारलेला संगीतोपचार तपासणाऱ्या, पाच देशांतल्या लाँगस्टेप चाचणीत (२०२३) आई-बाळाच्या बंधात ठळक फरक दिसला नाही, त्यामुळे हा हमखास उपाय नव्हे. तरी गाताना बाळाचे इशारे वाचायची सवय लागते, आणि घरी गेल्यावर ती रोज उपयोगी पडते.