जुनी रेसिंग कार आजच्या ट्रॅक हायपरकारपुढे टिकेल का?

सरळ पट्ट्यावर बऱ्यापैकी टिकेल. वळण आलं की खेळ खलास.

तुम्ही गाड्यांची नावं दिलेली नाहीत, म्हणून मी माझ्या आवडीची जोडी घेतो: १९७० ची पोर्शे ९१७ आणि ॲस्टन मार्टिनची वॅल्किरी एएमआर प्रो, म्हणजे फक्त ट्रॅकवर चालवायची अतिवेगवान हायपरकार. दोन्हींचं इंजिन बारा सिलिंडरचं, दोन्ही बिनटर्बोच्या, त्यामुळे तुलनेला मजा येते.

९१७ चं वजन साधारण ८०० किलो आणि ताकद ६०० हॉर्सपॉवरच्या आसपास. तिच्या लांब शेपटीच्या अवताराने १९७१ मध्ये ल मॉंच्या (फ्रान्समधली २४ तासांची शर्यत) सरळ पट्ट्यावर ताशी ३८० किलोमीटरचा वेग ओलांडला होता. वॅल्किरीची ताकद हजार हॉर्सपॉवरच्या घरात, पण नुसत्या टॉप स्पीडच्या जोरावर ती ९१७ ची टिंगल करू शकत नाही.

खरा फरक हवेचा. १९६९ ची ९१७ वेगात मागून इतकी डोलायची, की कसलेले ड्रायव्हरही तिच्यात बसायला कां-कूं करत. त्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियात झेल्टवेगजवळच्या ट्रॅकवर चाचणी चालू असताना जॉन वायर यांच्या संघातले इंजिनिअर जॉन हॉर्समन यांच्या लक्षात आलं, की गाडीवर चिलटं चिकटलीत, पण मागचा स्पॉयलर (हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबणारी पट्टी) मात्र स्वच्छ. म्हणजे तिथवर हवा पोचतच नव्हती! मग तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपटी उंच केली आणि गाडी ताळ्यावर आली. पुढच्याच वर्षी पोर्शेने ल मॉं पहिल्यांदा जिंकली, ती याच गाडीने.

वॅल्किरीत असं जुगाड नाही. पोटाखालच्या मोठाल्या बोगद्यांतून हवा वेगाने जाते आणि गाडी ट्रॅकला दाबून धरली जाते. वळणात ३ जीपेक्षा (गुरुत्वाकर्षणाच्या तिपटीपेक्षा) जास्त जोर पेलते, असा कंपनीचा दावा आहे. तिथे टायरच्या आधी ड्रायव्हरची मान दमेल.

सुरक्षेत तर तुलनाच नको. ९१७ ची चौकट ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्यांची. त्यात गॅस भरलेला असायचा. दाब उतरला की कुठेतरी तडा गेलाय असं समजायचं, आणि तो दाखवणारा काटा ड्रायव्हरच्या समोरच! त्याचे पाय पुढच्या आसाच्याही पुढे. वजन वाचवायला गिअरची मूठसुद्धा बाल्सा लाकडाची (हा हट्ट मला भारी आवडतो). १९६९ च्या ल मॉंत पहिल्याच लॅपमध्ये जॉन वुल्फ यांचा ९१७ मध्ये जीव गेला. वॅल्किरीत ड्रायव्हर कार्बन फायबरच्या टबमध्ये बसतो.

एक मात्र सांभाळा: ल मॉंचे तेव्हाचे आणि आजचे लॅप टाइम शेजारी ठेवून निकाल लावू नका. १९९० पासून त्या सरळ पट्ट्यावर दोन शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं, आहेत. ९१७ ने १९७१ मध्ये तिथे २४ तासांत ५,३३५ किलोमीटर कापले होते, आणि तो विक्रम मोडायला २०१० उजाडलं.